हरिणासाठीं काडतूस कोणतें ?

गेल्या आषाढांत आमच्या पुतण्याचें अमेरिकेहून पत्र आलें. तो तेथील विस्कॉन्सिन राज्यांत आठ वर्षें नोकरीस आहे. क्षेमकुशल झाल्यावर त्यानें लिहिलें होतें तें असें : दरसाल नोव्हेंबरांत तेथें बंदुकीनें हरणें मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. त्या दिवसांत कचेरी निम्मी ओस पडते. यंदा शेजाऱ्यानें त्यालाहि फार आग्रह केला आहे. परवान्यापूर्वीं द्यावी लागणारी शिकाऱ्यांची परीक्षा तो उतरला आहे. रायफल मात्र अद्याप घ्यावयाची आहे, आणि दुकानांत काडतुसांचीं नांवें ऐकून त्याची मति गुंग झाली आहे. "काका, तुमची सारी नोकरी खडकीच्या काडतुसांच्या कारखान्याशेजारीं मुलें शिकविण्यांत गेली. हरिणासाठीं काडतूस कोणतें घ्यावें, तें तुम्हीच सांगा."

हें पत्र माजघरांत मोठ्यानें वाचलें, हीच आमची चूक झाली. आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्या मुलाच्या मातुःश्रींनीं, हातांतली परात खालीं ठेवली. "ज्याच्या मुंजींत जानव्याला मृगाजिनाचा तुकडा ओवला, तो आतां हरीण मारणार ! आणि भावोजी त्याला गोळी निवडून देणार !" थोरले बंधु कांहींच बोलले नाहींत, त्यांनीं चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र उलटें धरून वाचावयास घेतलें. दोन दिवस घरांत दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशीं धाकट्या सूनबाईंनीं भाजी निवडतां निवडतां एकच प्रश्न केला : "तो जाणारच असेल, तर त्यानें वाईट गोळीनें मारावें कीं चांगल्या ?" त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों.

आरंभीं एक गोष्ट स्पष्ट करून टाकूं. आपल्या देशांत हरिणाची शिकार हा आज गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध घातले आणि १९९१ च्या दुरुस्तीनें हौशी शिकारीचे परवाने अजिबात बंद केले. तेव्हां पुढें जें लिहिलें आहे त्यांतील आपल्याकडचा भाग हा इतिहास आहे, आणि व्यवहाराचा भाग परदेशांतील कायदेशीर हंगामापुरता आहे.

शास्त्र म्हणाल, तर आपल्या पूर्वजांनीं या विषयाकडे पाठ फिरविलेली नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त मृगयेचा सविस्तर विचार आहे. मनूनें मृगया ही राजाच्या कामज व्यसनांत घातली, आणि त्याच मनूनें ज्या भूमींत कृष्णसार मृग स्वभावतः हिंडतो ती भूमि यज्ञास योग्य ठरविली. म्हणजे आमच्या वहिनींच्या संतापाला धर्मशास्त्राचा आधार चांगला भक्कम आहे ! परंतु आम्हांस त्या वेळीं आठवल्या त्या कथा निराळ्याच. दशरथानें आवाजाच्या रोखानें बाण सोडला आणि पाण्याचा घडा भरणारा मुनिकुमार मारला गेला. पंडूनें मृग समजून बाण मारला तो किंदम ऋषि निघाला. दोघांचाहि नेम चुकला नव्हता, तो अचूकच होता. आपण कशावर बाण टाकतों हें त्यांनीं नीट पाहिलें नव्हतें, एवढाच दोष. पुतण्यानें पाठविलेल्या विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकांत चार मुख्य नियम दिले आहेत, त्यांपैकीं एक हाच : लक्ष्य काय आहे, त्याच्या पुढें काय आहे आणि पलीकडे काय आहे याची खात्री झाल्यावांचून चापास बोट लावूं नये. त्यासाठीं तेथें शिकाऱ्यानें डोळे दिपविणारा नारिंगी अंगरखा घालावा असा कायदा आहे. २०१६ पासून भडक गुलाबीहि चालतो.

आतां आमच्या आठवणींतील एक प्रसंग सांगतों, कारण काडतुसाचा प्रश्न आमच्यापुरता तेथूनच सुरू होतो. १९७० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही नऊदहा वर्षांचे असूं. कर्जत तालुक्यांतील आजोळीं सुटींत गेलों होतों. त्या काळीं त्या माळावर काळविटांचे कळप दिसत आणि परवाना घेऊन शिकार करणारे लोक शहरांतून येत. असेच एक पाहुणे गांवांत उतरले होते. त्यांनीं दीडशें पावलांवरून एका काळविटावर बार काढला. पलीकडे धूळ उडालेली सर्वांनीं पाहिली. नर एकदां उसळला आणि कळपाबरोबर निघून गेला. "चुकली," असें म्हणून पाहुणे परतले. तिसऱ्या दिवशीं गुराख्याला तो ओढ्याच्या घळींत सांपडला. अजून जिवंत होता. पोटाच्या एका अंगास बोराएवढें भोंक, दुसऱ्या अंगास तेवढेंच. पाण्यापर्यंत तो घसटत आला होता, पण शेवटचा हातभर कांठ त्याला उतरवला नव्हता. गांवांतल्या एका जाणत्यानें त्याला मोकळें केलें. आमचे मामा एवढेंच म्हणाले, "गोळी लष्करी होती." त्याचा अर्थ समजावयास आम्हांस पुढें पंधरा वर्षें लागलीं. पुढें खडकीस आलों, तेथें आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे वडील कारखान्यांत कामास होते, आणि पालकसभेनंतर त्यांच्याशीं ज्या गप्पा होत त्यांत हें ज्ञान आम्हांस मिळालें.

काडतूस आणि गोळी या दोन निराळ्या वस्तु आहेत. काडतूस म्हणजे पितळेचें नळकांडें. त्याच्या बुडाशीं ठिणगी पाडणारी टोपी, पोटांत बिनधुराची दारू आणि तोंडाशीं घट्ट बसविलेली गोळी. .३०३, .३१५ हे आंकडे नळीची रुंदी इंचाच्या हजारांशांत सांगतात. गोळीचें वजन ग्रेनमध्यें मोजतात. ग्रेन म्हणजे काय म्हणून वाचकांनीं बुजून जाऊं नये. १८० ग्रेनांचा एक तोळा. जुना चांदीचा रुपयाहि बरोबर एवढ्याच वजनाचा असे. .३०३ ची १९१० पासूनची लष्करी गोळी १७४ ग्रेनांची, म्हणजे जवळजवळ तोळाभर. आपल्या बायकांच्या पाटल्यांतलें सोनें जेवढें, त्याहून कमीच शिसें एवढ्या मोठ्या जनावराला पाडतें. तेव्हां मुख्य प्रश्न तोळाभर धातूचा नसून तो धातु आंत गेल्यावर काय करतो याचा आहे.

येथें इतिहासांतील एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत इंग्रज सैनिकांनीं तक्रार केली कीं, नव्या .३०३ ची गोळी माणसाच्या शरीरांतून सरळ निघून जाते आणि तो पुढें येतच राहतो. त्या गोळीच्या शिशावर टोंकापर्यंत कठीण धातूचें कवच होतें. कलकत्त्याजवळ डमडम येथें जो दारूगोळ्याचा कारखाना होता, तेथील कॅप्टन बर्टी-क्ले यानें टोंकावरचें कवच किंचित् उघडें ठेवलें. मऊ शिसें शरीरांत शिरतांच छत्रीसारखें पसरूं लागलें आणि जखम भयंकर झाली. हीच ती 'डमडम' गोळी. जगांत ओरड झाली, आणि १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असा ठराव झाला. तेव्हांपासून सैन्याची गोळी पूर्ण कवचाची.

माणसाच्या बाबतींत ही दया योग्यच होती; जखमी सैनिकाला उचलून नेणारे लोक असतात, इस्पितळ असतें. पण हरिणाला इस्पितळ नाहीं. त्याच्या शरीरांतून सरळ निघून गेलेली गोळी म्हणजे तीन दिवसांचें मरण. म्हणून जी गोळी माणसावर झाडणें क्रूरपणाचें ठरलें, तीच हरिणावर न झाडणें क्रूरपणाचें ठरतें. इंग्लंडच्या १९९१ च्या हरिणविषयक कायद्यानें ही गोष्ट स्पष्टच लिहून ठेवली आहे : लहान जातींस थोडी सवलत देऊन बाकी हरणांसाठीं नळी .२४० इंचाहून कमी नसावी, तोंडापाशीं गोळीचा जोर १७०० फूट-पौंडांहून कमी नसावा, आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोंकाचीच असावी. मामा म्हणाले त्याचा अर्थ हा.

आपल्याकडे काडतुसाची निवड हरिणापेक्षां सरकारनेंच अधिक ठरविली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सामान्य प्रजेचें शस्त्र काढून घेतलें, हें वाचकांस माहीत आहेच. पण शस्त्राचा परवाना मिळालेल्यांसहि सैन्याच्या मापाचें काडतूस नको, म्हणजे छावणींतून चोरलेलीं काडतुसें खासगी बंदुकींत चालणार नाहींत, असें इंग्रजी धोरण होतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत .४५० च्या मोठ्या रायफलींवर हिंदुस्थानांत बंदी आली, तेव्हां विलायतेच्या कारागिरांनीं .४६५, .४७० अशीं शेजारचीं मापें काढून पेंच सोडविला. वाघाच्या शिकाऱ्यांचीं तीं प्रसिद्ध काडतुसें अशी पळवाट म्हणून जन्मास आलीं आहेत ! .३०३ च्या जागीं ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर लष्करी काडतुसावरून घेतलेलें ८ मिलिमीटरचें, म्हणजे .३१५ चें माप रूढ झालें. स्वातंत्र्यानंतरहि .३०३ हें सैन्याचेंच माप राहिलें. इछापूरच्या सरकारी कारखान्यांत .३१५ ची शिकारी रायफल होऊं लागली, आणि तिचें काडतूस आमच्या खडकीस. १८६९ सालीं स्थापन झालेला हा कारखाना आज 'म्युनिशन्स इंडिया' या पुण्यांतच मुख्य कचेरी असलेल्या सरकारी कंपनीखालीं आहे. बुडावर 'के. एफ.' अशीं अक्षरें असलेलें तें पिवळेंधमक काडतूस महाराष्ट्रांतल्या जुन्या शिकाऱ्यांच्या घरीं हमखास सांपडे.

हें काडतूस हरिणासाठीं कसें ? गोळी २४४ ग्रेनांची, म्हणजे तोळा आणि वर पाव तोळ्याहून थोडी अधिक, मऊ टोंकाची, वेग सेकंदास दोन हजार फुटांच्या आसपास. जोर बावीसशें फूट-पौंडांच्या घरांत, म्हणजे इंग्रजी कायद्याला पुरून उरेल एवढा. सांबरासारख्या पांचसहा मणांच्या जनावराला, जंगलांत शंभर पावलांच्या आंत, तें उत्तमच. काळवीट मात्र चाळीस किलोंचा प्राणी, राहतो उघड्या माळावर, आणि माणसाला दोनशें यार्डांच्या आंत येऊं देत नाहीं. येथें आमच्या सूनबाईंचें भौतिकशास्त्र उपयोगीं पडलें. गोळी नळींतून सुटली कीं झाडावरच्या आंब्यासारखीच खालीं पडूं लागते. .३१५ ची गोळी नळीच्या रेषेखालीं शंभर यार्डांवर सुमारें पांच इंच आणि दोनशें यार्डांवर वीसएकवीस इंच उतरते. काळविटाच्या छातींतील हृदय-फुफ्फुसांची जागा वितीपेक्षांहि लहान. अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनीं चुकला कीं गोळी छाती सोडून पायावर किंवा हवेंत. १९२५ पासून प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन .२७० ची हलकी, वेगवान गोळी त्याच दोनशें यार्डांवर आठनऊ इंचच उतरते. माळावरच्या मृगासाठीं वेग कां हवा, तो येवढ्यासाठींच. जखम मोठी व्हावी म्हणून नव्हे.

ज्यांना रायफल परवडत नसे ते कोंकणांत व सह्याद्रीच्या कुशींत बारा बोअरची बंदूकच हरिणावर चालवीत, मोठे छरे घालून. चाळीस यार्डांपलीकडे ते छरे इतके पांगतात कीं, एकदोनच अंगांत घुसतात आणि जनावर घायाळ होऊन जातें. भेकराची शिकार त्या बंदुकीनें जितकी झाली असेल, तितकींच भेकरें रानांत सडलींहि असतील असें आमचें मत आहे. आणि .२२ विषयीं तर बोलावयासच नको. स्वप्निल कुसाळे या कोल्हापूर जिल्ह्यांतील तरुणानें २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत पन्नास मीटरांच्या रायफल स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें तें .२२ नेंच. कागदावरील चक्राला छेदण्यास तिच्यासारखी दुसरी नाहीं. पण तिचा जोर शंभरसव्वाशें फूट-पौंड. आवाज होत नाहीं म्हणून चोरटे शिकारी तीच वापरतात, आणि त्यांचीं हरणें कशीं मरतात हें न लिहिलेलें बरें.

जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीचा उल्लेख येथें केला पाहिजे. ती भेट त्याला १९०७ सालीं चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल मिळाली होती. तिचें काडतूस म्हणजे १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांतलें जर्मन ७ मिलिमीटरचें माउझर. मध्यम गोळी, मध्यम वेग, खांद्याला सौम्य धक्का. सव्वाशें वर्षांनंतरहि हरिणासाठीं त्याहून फारसें चांगलें कांहीं निघालें आहे असें वाटत नाहीं. २००७ सालीं निघालेलें आणि आज फार बोलबाला असलेलें ६.५ क्रीडमूर हेंहि त्याच गोत्रांतलें, थोडें सडपातळ.

एवढा विचार झाल्यावर आम्हीं पुतण्यास जें उत्तर लिहिलें त्याचा सारांश देतों.

विस्कॉन्सिनचें पांढऱ्या शेपटीचें हरीण आपल्या चितळाएवढें, सत्तरपासून नव्वद किलोंपर्यंतचा नर. तुझें रान दाट, अंतर बहुधा शंभर यार्डांच्या आंत. त्याला .२४३, .२७०, .३०८, .३०-०६ यांपैकीं कोणतेंहि काडतूस पुरेसें आहे; दुकानदारानें तास तास सांगितलेला फरक हरिणाला कळणार नाहीं. (.३०-०६ म्हणजे .३० इंचाचें, १९०६ सालचें. नांवांत एवढेंच गूढ आहे.) त्यांत .३०८ घे. १५० ग्रेनांची गोळी, पाऊण तोळ्याहून थोडी अधिक, कोणत्याहि खेडेगांवच्या दुकानांत मिळणारी. 'मॅग्नम' नांवाचें कांहीं घेऊं नकोस. त्याचा धक्का असा बसतो कीं, नवशिका माणूस चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतो आणि खांदा आंखडतो; मग छातीवरचा नेम पोटावर जातो. आम्हांस माहीत असलेलें तें काळवीट ह्याच एका वितीच्या चुकीनें आणि चुकीच्या गोळीनें, अशा दोन्ही कारणांनीं मेलें.

खोक्यावरचें नांव मोठ्या अक्षरांत असतें तें काडतुसाचें. तूं बारीक अक्षरांत गोळीचें वर्णन वाच. 'पूर्ण कवच' असें दिसलें तर तें स्वस्त असेल आणि कागदावर नेम धरण्यास ठीक असेल. रानांत तें नेऊं नये. मऊ टोंकाची किंवा पसरणारी हवी. पण कागदावर सराव करून झाल्यावर शेवटच्या वीसपंचवीस गोळ्या तरी रानांत न्यावयाच्या जातीच्याच झाड, कारण प्रत्येक गोळी थोडी निराळ्या जागीं लागते. बसून झाडलेल्या पांचांपैकीं पांच गोळ्या जेवढ्या अंतरावर आपल्या आमटीच्या वाटीएवढ्या वर्तुळांत बसतील, तेवढेंच तुझें अंतर. तें ऐंशी यार्ड निघालें तर ऐंशी. नव्वदावर उभें असलेलें हरीण तुझें नव्हे. हरीण आडवें उभें असतां पुढच्या पायाच्या मागें, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागांत नेम धर. तें पळत असेल, तोंड किंवा पाठ तुझ्याकडे असेल, तर बार काढूं नकोस. बार काढल्यावर हरीण पळालें म्हणून "चुकली" म्हणूं नकोस. अर्धा तास थांब, ज्या जागीं तें उभें होतें तेथें जाऊन गवत पाहा, रक्त पाहा, केंस पाहा, आणि माग संपेपर्यंत जा.

शिशाविषयींहि चार शब्द लिहिले. मऊ शिशाची गोळी पसरतांना तिचे बारीक कण मांसांत दूरवर उडतात, आणि शिसें हें लहान मुलांच्या मेंदूस घातक. कॅलिफोर्नियांत जखमी जनावरांचे अवशेष खाऊन कॉन्डॉर गिधाडें मरूं लागलीं म्हणून २०१९ पासून शिकारीसाठीं शिशाच्या गोळीस बंदी आहे. आतां सबंध तांब्याच्या गोळ्या मिळतात. त्या पाकळ्यांसारख्या उमलतात आणि तुटत नाहींत. किंमत जास्त आहे. तुझ्या घरांत चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून ती जास्त किंमत दे.

उत्तर पाठविण्यापूर्वीं तें वहिनींना वाचून दाखविलें. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें. वाटीचें उदाहरण आलें तेव्हां त्या म्हणाल्या, "वाटी कोणती ? नैवेद्याची कीं आपली रोजची ?" आम्हीं रोजची म्हणून सांगितलें. मग पत्राच्या शेवटीं दोन ओळी स्वतः लिहावयाच्या म्हणून त्यांनीं कागद मागून घेतला. त्यांनीं काय लिहिलें तें आम्हांस दाखविलें नाहीं; परंतु पुतण्याचें उत्तर आलें त्यावरून समजलें. .३०८ घेतली, तांब्याच्या गोळ्या घेतल्या, वाटी पंचाहत्तर यार्डांवर साधते आहे, आणि आईला सांगा, हरिणाच्या मांसासाठीं कढई, सुरी आणि पोळपाटाएवढा लाकडी पाट वेगळा आणून गॅरेजमध्यें ठेवला आहे.